परसातली खोली कुणासाठी?

बोईसर, सरावली, खैरापाडा, पास्थळ या भागात खोल्या भाड्यानं देणं हा पुष्कळ घरांचा जोडधंदा आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं, पुढं औद्योगिक वसाहत वाढली आणि कामगारांना राहायला जागा हवी झाली. ती बरीचशी गावकऱ्यांनीच दिली. परसात, गोठ्याच्या जागी, वाडीच्या कडेला दोन-चार खोल्या काढल्या, वर पत्रे टाकले, बाहेर एक नळ. पावसाळ्यात भात आणि बारा महिने भाडं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण अशी खोली दुसऱ्याला द्यायची, तर मालकानं स्वतः तिथं राहायला हवं का? अमेरिकेत अनेक शहरांनी तशी अटच घातली होती. परसात जादा घर बांधा, पण दोहोंपैकी एकात तुम्ही राहा. नुसत्या भाड्यासाठी घरं घेणारे शिरू नयेत, हा हेतू. पुढं घरांची टंचाई जाणवली, तेव्हा कॅलिफोर्नियानं 2020 पासून ही अट स्थगित ठेवली आणि 2023 च्या कायद्यानं सर्वसाधारण जादा घरांपुरती ती कायमची काढली.

आपल्याकडे गावठाणातल्या घराला अशी अट नाही. मालक मुंबईला राहो की गावात, बांधकामाची परवानगी असली म्हणजे झालं. शेतात मात्र कायदा वेगळंच विचारतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये शेतावरच्या इमारतीची व्याख्या आहे. अवजारं, खत, चारा, धान्य ठेवायला, गुरं बांधायला आणि राहायला. राहायचं कुणी? जमीनधारकाच्या कुटुंबातल्यांनी, नोकरांनी किंवा कुळांनी. कूळ म्हणजे इथं जमीन कसणारा. भाडेकरूला कूळ म्हणून भागत नाही. म्हणजे खोली तीच, विटा त्याच. शेतावरचा गडी राहिला तर शेतघर, कारखान्यात पाळीला जाणारा राहिला तर बिनशेती वापर! अलीकडे बिनशेतीची प्रक्रिया बरीच सुटसुटीत झाली, पण बांधकाम परवानगी काही सुटलेली नाही.

‘आम्ही घरपट्टी भरतो की’, असं लोक सांगतात. घरपट्टी हा कर आहे. पावती म्हणजे परवानगी नव्हे.

आदिवासी खातेदारांनी तर जास्तच जपावं. कुणी म्हणालं, ‘जमीन तुझी, खोल्या मी बांधतो, भाडं वाटून घेऊ’, तर तो व्यवहार भाडेपट्ट्यासारखा ठरू शकतो. संहितेच्या 36-अ कलमाप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यानं द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. जास्त मुदत असेल तर शासनाचीही.

करार तोंडी ठेवण्यात मालकाचंच नुकसान आहे. भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 जिथं लागू आहे, तिथं करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

बेकायदा बांधकामाची नोटीस येते मालकाच्या नावानं, सामान मात्र रस्त्यावर येतं खोलीतल्या माणसाचं. तेव्हा अनामत मोजण्याआधी खोली गावठाणात आहे की सातबाऱ्याच्या जमिनीवर, हे तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, विचारून घ्यावं.