चूळ भरली, पण दात घासले का?

बंगळूरची सकाळ फिल्टर कॉफीने उजाडते. घाईच्या वेळी ब्रशला फाटा देऊन माउथवॉशची एक चूळ भरायची आणि कॉफीचा पेला हाती घ्यायचा, असे तुम्हीही करता का? तोंडाला सुवास येतो, पण दात स्वच्छ होत नाहीत.

दातांवर जंतूंचा चिकट थर सतत जमत असतो. त्यालाच ‘प्लाक’ म्हणतात. तो घासूनच निघतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये संशोधकांनी बारा जणांचे दात घासणे बंद ठेवले. तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू झाल्यावर बऱ्याही झाल्या. क्लोरहेक्झिडिनच्या ०.२ टक्के द्रावणाने दिवसातून दोनदा चूळ भरल्यास नवा थर जमत नाही, हेही तिथेच १९७० मध्ये दिसून आले.

मग हे औषध रोजच का वापरू नये? कारण त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बदलते. कॉफी-चहाने डाग आणखी गडद होतात. म्हणून हिरड्यांच्या उपचारात किंवा शस्त्रक्रियेनंतर दंतवैद्य ते थोडेच दिवस देतात. पेस्ट लावल्यावर अर्ध्या तासाने ही चूळ भरावी. पेस्टमधील फेस आणणारे घटक औषधाचा गुण कमी करतात. सहा वर्षांखालील मुलांना माउथवॉश देऊ नये, ती गिळून टाकतात.

घासताना रक्त येत असेल, तर सुवासिक चुळीवर भागवू नका, दंतवैद्याला दाखवा. हिरड्यांचे दुखणे वाढले, की चांगला दातही हलू लागतो.