कोडची रुजुवात

लिनक्सवर फायली आकसून ठेवणाऱ्या एक्सझेड या खुल्या सॉफ्टवेअरमधल्या चोरवाटेची बातमी २९ मार्च २०२४ला फुटली. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला लॉगिनमधला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, यावर पुष्कळ लिहून झालं. मी अडलो ते डेबियन या लिनक्सच्या वितरणाने घाईने सोडलेल्या दुरुस्तीच्या नावापाशी: ५.६.१+रिअली५.४.५-१. व्हर्जनचा आकडा खाली आला तर मशीन त्याला अपडेट मानत नाही. म्हणून वर आकडा ५.६.१चा, आत माल ५.४.५चा, आणि तसं नावातच लिहिलेलं. चोरट्याने नेमकं हेच न सांगता केलं होतं. त्याच्या रिलीजच्या गठ्ठ्यात एक बिल्डची फाइल अशी होती, जी गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सर्वांसमोरच्या साठ्यात, नव्हतीच. नाव दोन्हीकडे ५.६.१.

ग्वाल्हेरच्या मुरारमध्ये आमच्या शेजारचा इंजिनीअरिंगचा मुलगा विचारत होता, "काका, कोड उघडा होता ना, मग लपवलं कुठे?" त्याला चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिहायला लावला, कंपाइल झाल्याची तारीख-वेळ छापणारा. मिनिटाच्या अंतराने दोनदा कंपाइल केला. कोडात काना-मात्रेचा फरक नाही, तरी तयार फायलींचे शा-२५६ पद्धतीने काढलेले ६४ अक्षरी ठसे वेगळे. मग सोर्स_डेट_इपॉक ठरवून दिला, म्हणजे घड्याळाऐवजी एकच नेमलेली वेळ. ठसे जुळले. पोराने बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं.

शिंदेशाहीच्या मोडी दप्तरात नक्कल अस्सलाशी ताडून घेत, त्याला रुजुवात म्हणत. डेबियनची माणसं २०१३पासून हेच करताहेत: वेळ, फोल्डरचा पत्ता, फायलींचा क्रम असे उपद्रव एकेक करून काढताहेत. एवढ्याने एक्सझेड पकडलं गेलं नसतं, हेही खरं. त्या दूषित गठ्ठ्यातून सगळ्यांना सारखंच विष मिळालं असतं. आधी गठ्ठाच गिटशी रुजू करायला हवा होता.

कोविडच्या काळातल्या आरोग्य सेतू या सरकारी अँड्रॉइड अॅपचा कोड २६ मे २०२०ला खुला झाला, ते चांगलंच झालं. पण फोनमधलं अॅप त्याच कोडातून बनलंय, हे कोणालाही घरी ताडता आलं पाहिजे. सरकारी अॅपच्या टेंडरमध्येच ही अट घालावी, असं माझं ठाम मत आहे.

घरी ताडायला मात्र नुसता कोड पुरत नाही. शेजारच्या त्या मुलाने तोच प्रोग्रॅम, तीच वेळ देऊन, स्वतःच्या लॅपटॉपवर कंपाइल केला. ठसा पुन्हा वेगळा! शोधलं तर त्याचा कंपायलर निराळ्या व्हर्जनचा. डेबियन बिल्डइन्फोची फाइल ठेवतो ती याचसाठी: पॅकेज बनवताना मशीनवर कुठलं हत्यार कोणत्या व्हर्जनचं होतं, त्याची ती यादी असते.