वेगाच्या बदल्यात काय सोडायचं?

एका डेटाबेसमधले कोट्यवधी रेकॉर्ड दुसऱ्यात न्यायचे, तर सर्वांत सरळ मार्ग म्हणजे एकेक ओळ वाचायची, पलीकडे 'इन्सर्ट' करायची, कमिट करायचं. पण दर कमिटला लॉग डिस्कवर उतरेपर्यंत खोळंबा, शिवाय नेटवर्कची फेरी. म्हणून घाऊक भरणीच्या वेगळ्या वाटा निघाल्या: पोस्टग्रेसची 'कॉपी', मायएसक्यूएलची 'लोड डेटा', ओरॅकलचा 'एसक्यूएल लोडर'. यांचा बराचसा वेग येतो तो काहीतरी करायचं टाळल्यामुळे.

ओरॅकलचा 'डायरेक्ट पाथ' घ्या. तो बफर कॅशला वळसा घालतो आणि तयार ब्लॉक थेट फाइलमध्ये लिहितो. तेवढ्या वेळात फॉरिन की तपासल्या जात नाहीत, इन्सर्ट ट्रिगर चालत नाहीत. त्यात 'नोलॉगिंग' लावलं, तर रीडू, म्हणजे बदलांचा लॉग, जवळपास लिहिलाच जात नाही. भरणीनंतर नवा बॅकअप घेण्याआधी डिस्क गेली, तर त्या ओळी लॉगमधून परत मिळत नाहीत. घाईत हा बॅकअपच विसरला जातो.

पोस्टग्रेसच्या 'कॉपी'चा स्वभाव उलटा: शेवटची ओळ चुकली तरी सगळी भरणी रद्द. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत, रकान्याच्या प्रकारात न बसणाऱ्या ओळी वगळून पुढे जाण्याची सोय आली. मला जुना हट्टीपणाच बरा वाटतो. गाळलेल्या ओळी नंतर कोण शोधत बसतो? त्यापेक्षा सगळे रकाने 'टेक्स्ट' ठेवलेल्या कच्च्या टेबलात माल उतरवावा आणि तिथे एसक्यूएलने निवडावा. जागा दुप्पट लागते, पण हिशेब हाती राहतो.

फॉरमॅटचं दुखणं वेगळंच. बायनरी सहसा वेगवान, पण आवृत्ती बदलली की भरवसा कमी. सीएसव्ही कुठेही वाचता येते, पण तिच्यात 'नल' आणि रिकामी स्ट्रिंग यांतला फरक सांगणारा सर्वमान्य नियम नाही. ओरॅकल तर दोन्ही एकच मानतो. मराठी डेटाला आणखी एक काटा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. पोस्टग्रेस रकान्याची लांबी चिन्हांत मोजतो, ओरॅकल मुळात बाइटमध्ये. म्हणजे तीस लांबीच्या ओरॅकल रकान्यात 'महाराष्ट्र' जेमतेम मावतं आणि 'महाराष्ट्रात' नाकारलं जातं. इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्याला हे कधी दिसतच नाही.

उरतो सर्वांत महाग निर्णय: एका दमात की टप्प्याटप्प्याने? टप्प्यांत जुनी आणि नवी यंत्रणा महिनोन्‌महिने शेजारी चालवावी लागते, मधले बदल सतत पलीकडे पोचवावे लागतात. हे खर्चिक आणि कंटाळवाणं. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांचं स्थलांतर मुख्यतः एका शनिवार-रविवारी उरकलं. डेटा सुखरूप पोचला, पण नवी यंत्रणा लगेच कोलमडली आणि असंख्य ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. सुरळीत कामकाज परतायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड ठोठावला.