चिमटीतलं कापड

संपादकांनी दोन फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ : 'याला मॉडर्न क्विल्ट म्हणतात म्हणे. आपल्याकडे कोणी करतं का बघा.' फोटोत करड्या कापडाचा भलामोठा मोकळा पट्टा, एका कोपऱ्यात तिरका लाल तुकडा आणि मधेच, कारण नसताना, पिवळी पट्टी. अमेरिकेत अशा गोधड्या शिवणाऱ्यांनी २००९ साली 'मॉडर्न क्विल्ट गिल्ड' स्थापन केलं आणि २०१३ पासून त्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. एकरंगी कापड, भरपूर मोकळी जागा, मुद्दाम न जुळवलेल्या चौकटी ही त्यांची ओळख. मी फोटो मोठा करून पाहिला आणि मला बार्शीजवळच्या आत्याच्या घरातली बाज आठवली. तिच्यावरची वाकळ जवळपास अशीच होती. लाल तुकडासुद्धा तिरकाच.

आत्या आता नाही. ती वाकळ शिवणाऱ्या मावशी मात्र पलीकडच्या वाडीत आहेत, म्हणून मी बार्शीची एसटी धरली. 'नाव-बिव छापू नगंस,' एवढी एकच अट त्यांनी घातली.

वाकळीची रीतसर बखर कुणी लिहिलेली नाही. कुठे वाकळ, कुठे गोधडी, बाळाची असली की दुपटं, एवढ्यात तिचा इतिहास आटोपतो. गाडगेबाबा अंगावर चिंध्या पांघरायचे म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, हा तिला मिळालेला सर्वांत मोठा मान. बाकी तिच्यावर जे लिहिलं जातं, त्यात दुसऱ्या ओळीत 'मायेची ऊब' येतेच. मावशींकडे दोन दिवस बसले. त्या शब्दाच्या जवळपासही त्या फिरकल्या नाहीत. त्या कापडाबद्दल बोलत होत्या.

त्यांची पहिली कृती पाहण्यासारखी असते. लुगडं हातात आलं की त्या ते उलगडत नाहीत. काठाजवळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून एकदाच चोळतात, मग उजेडासमोर ताणतात. 'हे आतलं.' 'हे वरचं.' 'हे पोतेऱ्याला.' निकाल लागला. मी विचारलं, बोटांना काय कळतं? 'सूत मेलंय का जितं हाय, ते.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक इरकल जुनेर जमिनीवर पसरलं आणि मला ते नकाशासारखं वाचून दाखवलं. बसायच्या जागी विरलेलं. कासोटा जिथे घासतो तिथे सूत जाळीसारखं. पायाकडचा काठ फाटलेला, वरचा शाबूत. मधे दंड घातलेला. म्हणजे विरलेला भाग कापून दोन्ही धड तुकडे जोडलेले आणि लुगडं पुन्हा काही वर्षं नेसलेलं. इरकलीचा लाल पदर वेगळ्या ताण्याचा असतो आणि अंगाच्या सुताला मागावरच फासे घालून जोडतात, त्यामुळे त्याचा पोतही वेगळा. या पदराचं एक टोक तपकिरी पडून कुरकुरीत झालं होतं. चुलीवरची भांडी पदरानं धरल्याची ती खूण. मावशींनी तेवढा भाग तिरका कापून टाकला. उरलेला लाल तुकडा अर्थातच तिरका आला आणि वाकळीच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

मी गप्प बसून पाहत राहिले. फोटोतल्या करड्या पट्ट्यावरची ती लाल चौकट कशी सुचली असेल यावर मी एसटीत तासभर डोकं चालवलं होतं. इथे ती भाकरीच्या तव्यानं कापून दिली होती! याही वाकळीत मधेच पिवळी पट्टी होती. ती कशासाठी, हेही मग विचारलं. 'तितं भोक हुतं.'

याचा अर्थ त्यांना नजर नाही असा मात्र कुणी घेऊ नये. पिवळ्याऐवजी हिरवाही धडपा गाठोड्यात होता. तो त्यांनी लावून पाहिला, मान हलवली, काढला.

मग शिवण. तळाला एक जुनेर, मधे धोतराचे आणि लुगड्यांचे थर, वर निवडलेलं कापड, चारही कडांना कच्चे टाके. त्यानंतर धावदोरा कडेनं सुरू होतो आणि चौकोनी फेऱ्यांनी आत आत जातो. यात एक खोड आहे. कडेकडून आत आलं की थरांमधला सगळा सैलपणा मधोमध ढकलला जातो आणि शेवटी तिथे फुगा धरतो. मावशींचा डावा तळहात सतत कापडाखाली असतो, तो त्याचसाठी. प्रत्येक फेरीत थोडा झोळ टाक्यांत जिरवत न्यायचा. वाकळीच्या अंगावर ज्या बारीक सुरकुत्या दिसतात, त्या या जिरवलेल्या झोळाच्या. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानातल्या, आफ्रिकेतून गोव्यामार्गे तिथे पोचलेल्या सिद्दी समाजाच्या बायकाही आपली 'कवंद' अशीच कडेकडून आत शिवतात. फक्त कोपऱ्यांवर त्रिकोणी घडीची फुलं बसल्याशिवाय त्यांची गोधडी पुरी होत नाही.

मी वहीत हिशेब मांडला. वाकळ ७२ इंच लांब, ५४ इंच रुंद. दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर. म्हणजे धावदोऱ्याची लांबी ७,७७६ इंच, सुमारे १९७ मीटर. इंचाला तीन टाके धरले तर २३ हजारांवर टाके. मावशी एका दमात चार टाके सुईवर घेऊन दोरा ओढतात. एका ओढीला अर्धं मिनिट धरलं तरी नुसत्या शिवणीला ४८ तास लागतात. हिशेब वाचून दाखवला, तर म्हणाल्या, 'आन् सुईत दोरा ववायचा कुनी?'

कापडानं नक्षी ठरवल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. अलाबामात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांच्या वंशजांची. १९४२ साली तिथल्या मिसुरी पेटवे यांनी नवरा गेल्यावर त्याचे शेतात घालायचे कपडे उसवून गोधडी केली. पुढे १९७२ मध्ये तिथल्या बायकांच्या सहकारी संस्थेला सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उश्यांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. कातरण घरोघर गेलं आणि जाड, ताठ कॉर्डरॉयला बारीक तुकडे मानवत नाहीत म्हणून मोठमोठ्या ठळक पट्ट्यांच्या गोधड्या तयार झाल्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि न्यू यॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या, २००६ मध्ये टपालाच्या तिकिटांवर आल्या. मावशींना मोबाइलवर दाखवल्या. त्यांनी पडद्यावर बोटं फिरवली, चिमूट बसेना. 'कापड कसलं हाय?' मी म्हटलं, पाटलोणीचं. 'मग सुई मोडत आसंल.'

आता अडचण. वाकळीला मेलेलं कापड लागतं, पण सुती. गावातल्या बायका वीसेक वर्षं सिंथेटिक साड्या नेसतायत. त्या विरत नाहीत, फाटत नाहीत, घाम पीत नाहीत. मावशींनी एक थर घालून पाहिला होता. ती वाकळ त्यांनी मला उचलून दाखवली : एका टोकाला धरली की आतली साडी मासळीसारखी सुळ्ळकन खाली सरकते आणि तळाशी गोळा होते. मग सरकू नये म्हणून टाके जवळजवळ घातले, तर वाकळ पुठ्ठ्यासारखी ताठ झाली. ती आता शेळीच्या गोठ्यात असते.

जी थोडी सुती लुगडी उरलीत, ती बोहारीण नेते. एका पातेल्याला चार साड्या. सुनेला पातेलं हवं असतं, आणि त्यात तिचं चुकत नाही. घरात दोन मिंकची ब्लँकेटं आहेत, हलकी, धुवायला सोपी. ओली वाकळ पिळायला दोन माणसं लागतात आणि वाळायला दोन उन्हं.

शहरातून मागणी येते, तीही अडचणच घेऊन. पुण्याच्या एका बाईंना वाकळ हवी होती, पण 'कुणाची नेसलेली' कापडं नकोत. त्यांनी नवं कोरं खादीचं थान पाठवलं. मावशींनी शिवून दिलं. पहिल्या धुण्यात कापड आटलं, दोऱ्याला घड्या पडल्या, बाईंनी फोन केला. पैशांचं विचारलं, तर मावशींनी जो आकडा सांगितला तो ४८ तासांनी भागल्यावर रोजगार हमीवरची मजुरी बरी म्हणावी लागेल. शहाण्या मुली आता मशीनवर तासाभरात ओळी मारतात. मावशींनी तशी एक वाकळ पाहिलीय. त्यांचं मत एवढंच की मशीनचा टाका दोन्हीकडून आवळतो, मग थर हलत नाहीत आणि मऊ व्हायला फार वर्षं लागतात.

शिकायला कोण येतं? नातीला येतं शिवायला, पण ती बार्शीत मेडिकल दुकानात आहे. जत्रेला आली की चार फेऱ्या घालते.

निघताना मी वाकळ विकत मागितली. गाठोडं उघडून मावशींनी दाखवलं : आतल्या थरापुरतं कापड आहे, वरचं नाही. मग माझ्याकडे वळल्या. माझ्या मंगळगिरी ओढणीचं टोक चिमटीत धरून चोळलं, उजेडाकडे ताणलं.

'अजून जितं हाय. चार वर्सं वापर, मग घिऊन ये.'