व्यसनमुक्तीनंतरचे घर : स्त्रियांच्या पुनर्वसनाचा एक विचार

व्यसनमुक्तीचा विचार बहुधा उपचारकेंद्राच्या दारापाशी थांबतो. उपचार संपल्यावर व्यक्ती कोठे परतते, हा प्रश्न मात्र तितकाच महत्त्वाचा आहे. व्यसन सोडून आलेल्या पुरुषाला घरचे लोक पुष्कळदा सांभाळून घेतात. स्त्रीला मात्र माहेर व सासर ही दोन्ही दारे बंद होऊ शकतात. मग ज्या वस्तीत व्यसन जडले, तेथेच ती परतते आणि उपचार वाया जातो.

या संदर्भात अमेरिकेतील सुझन बर्टन यांचे कार्य अभ्यासण्यासारखे आहे. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा एका पोलिसाच्या वाहनाखाली सापडून मरण पावला. त्या दुःखात त्या क्रॅक कोकेनच्या आहारी गेल्या व वारंवार तुरुंगात गेल्या. १९९७ मध्ये सांता मोनिका येथे त्यांना उपचार मिळाले. १९९८ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात एक लहानसे घर घेऊन ‘अ न्यू वे ऑफ लाइफ’ ही संस्था सुरू केली. तुरुंगातून सुटलेल्या स्त्रिया जेथे उतरत, त्या बसस्थानकावर मादक द्रव्ये विकणारे व दलाल टपलेले असत. बर्टन तेथूनच अशा स्त्रियांना आपल्या घरी आणू लागल्या.

अशा निवासात केवळ छप्पर मिळत नाही. घरात नशेला मज्जाव असतो. ओळखपत्र काढणे, नोकरी शोधणे, दुरावलेल्या मुलांचा ताबा मिळवणे यांसाठी साहाय्य मिळते. समदुःखी स्त्रियांचा सहवास हा या व्यवस्थेचा कणा होय. दुसरी गरज वेळेची असते. नॅशव्हिल येथे बेका स्टीव्हन्स यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या व आज ‘थिसल फार्म्स’ या नावाने परिचित असलेल्या संस्थेत दोन वर्षे विनामूल्य राहता येते. संस्थेच्या मेणबत्त्या व साबणांच्या उद्योगात रोजगारही मिळतो.

आपल्याकडे पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग चालविला आहे. निराधार स्त्रियांसाठीची ‘स्वाधार गृह’ योजना २०२२ मध्ये ‘शक्ती सदन’मध्ये समाविष्ट झाली. म्हणजे उपचार आहेत, निवाराही आहे; या दोहोंना जोडणारा पूल भक्कम होणे आवश्यक आहे.

इस्लामने नशा हराम ठरविली, तसेच तौबेचे दारही उघडे ठेवले. स्त्रीच्या बाबतीत समाज पहिली गोष्ट लक्षात ठेवतो, दुसरी विसरतो. समाजशास्त्राच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या जिल्ह्यातील निवारागृहांची पाहणी करून घ्यावी : व्यसनातून सावरणाऱ्या स्त्रीला तेथे प्रवेश मिळतो काय, तिचे मूल सोबत राहू शकते काय, आणि किती दिवस? या तीन प्रश्नांच्या उत्तरांतूनच पुढील कार्याची दिशा स्पष्ट होईल.