घाटाखाली थांबलेली रेल्वे

डोंगर, सरहद्द आणि लोहमार्ग : लेखांक ६

मागील लेखांकांत विचारात घेतलेले दोन्ही मार्ग देशाच्या सीमेजवळचे होते. चिनाब नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवर उभारलेल्या पुलामुळे ख्यात झालेला उधमपूर–श्रीनगर–बारामुल्ला हा २७२ किलोमीटरचा मार्ग आणि मिझोराममधील ४८ बोगद्यांचा बैराबी–सैरांग मार्ग हे दोन्ही २०२५ मध्ये पूर्ण झाले, आणि दोहोंच्या बाबतीत खर्चाचा हिशेब मांडताना नेहमीची मोजपट्टी बाजूला ठेवण्यात आली. परंतु सरहद्द केवळ देशाचीच असते असे नाही. दोन राज्यांमधील, दोन जुन्या संस्थानी प्रदेशांमधील, इतकेच नव्हे तर कागदावरून पुसली जाऊनही व्यवहारात शिल्लक राहिलेली सरहद्दही लोहमार्ग अडवू शकते, आणि तिच्या जोडीला डोंगराचा कडा असला तर ती अधिकच बळकट होते. याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे बुलढाणा जिल्हा.

या जिल्ह्याची रचना समजल्याशिवाय तेथील रेल्वेचा प्रश्न समजत नाही. उत्तरेस सातपुडा आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश, मध्यभागी पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून पसरलेले पठार असे त्याचे तीन पट्टे पडतात. जुन्या वऱ्हाडी कागदपत्रांत खोऱ्याला पायनघाट व पठाराला बालाघाट म्हटले जाते, तर जिल्ह्यातील माणसे आजही सरळ घाटाखाली आणि घाटावर अशी विभागणी करतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे घाटावर. रेल्वे घाटाखाली आहे. घाटावरच्या एकाही तालुक्यात नाही.

सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव या पठारावर अशा ठिकाणी वसले आहे की उत्तरेचे खामगाव स्थानक आणि नैर्ऋत्येचे जालना स्थानक ही दोन्ही त्याला जवळजवळ सारखीच दूर, म्हणजे सरळ रेषेतही पन्नास किलोमीटरहून अधिक अंतरावर पडतात. या गावाचे नाव इतिहासात आहे ते रेल्वेमुळे नव्हे, तर ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे झालेल्या लढाईमुळे. हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान आणि निजाम-उल-मुल्क यांच्यातील या लढाईत पहिल्या बाजीरावाची मदत निजामाच्या बाजूस होती. मुबारिझखान मारला गेला, निजामाने गावाला फतेहखेर्डा असे नाव दिले आणि दख्खनमध्ये आसफजाही सत्तेचा पाया पक्का झाला. रेल्वेच्या चर्चेत ही लढाई अप्रस्तुत वाटेल, पण तसे नाही. त्या सत्तेच्या हातून १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, जालना व त्यापलीकडचा मुलूख मात्र निजामाकडेच राहिला, आणि त्यामुळे आज ज्याला बुलढाणा व जालना या जिल्ह्यांमधील साधी हद्द समजले जाते ती रेषा पुढील जवळजवळ शंभर वर्षे दोन वेगळ्या राजवटींमधील सरहद्द ठरली. नेमका हाच काळ भारतात लोहमार्ग अंथरले जाण्याचा होता.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीने भुसावळवरून नागपूरकडे जाणारा मार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून नेला आणि तो १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खोरे सपाट होते, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकाच्या पूर्वार्धात लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची निकड भासली होती. मार्ग खामगावला टाळून गेला, तरी तेथील कापूसबाजार इतका मोठा होता की जलंब स्थानकापासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा सरकारी खर्चाने बांधावा लागला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत तो सुरू झाला. घाटावरचा कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून याच बाजारात येई. फाटा खामगावला संपला. त्याच्या पुढे डोंगर होता.

पलीकडील बाजूस निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे हा मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतचा मार्ग १९०० च्या सुमारास औरंगाबाद, जालना, परभणीवरून सुरू झाला. हा मार्ग मीटरगेज होता. म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर होते, तर खामगावचा फाटा ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटर अंतराचा होता. एका गेजवरचा डबा दुसऱ्या गेजवर धावू शकत नाही, म्हणून जेथे दोन गेज भेटतात तेथे प्रत्येक गाठ आणि पोते उतरवून पुन्हा चढवावे लागते. खामगाव–जालना जोडमार्ग त्या काळी झाला असता तरी कोठेतरी ही उतरचढ करावीच लागली असती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घाटावरचा माल कोणाच्या गाडीत जावा यावर दोन्ही बाजूंचे हितसंबंध आडवे आले असते, असे मानण्यास जागा आहे. मार्गाची मागणी मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळापासूनची आहे, आणि पाहणी, अहवाल, पुन्हा पाहणी या चक्रात तिने शंभर वर्षांचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे.

रेल्वे अडली ती डोंगरामुळे की सरहद्दीमुळे, याचा उलगडा पूर्णा–हिंगोली मार्गाच्या उदाहरणाने चांगला होतो. परभणीजवळच्या पूर्णा जंक्शनपासून निघणारा हा मीटरगेज मार्ग १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत आला आणि तेथेच थांबला. हिंगोली हे निजामाच्या राज्यातील त्या दिशेचे अखेरचे मोठे ठाणे. पुढे वऱ्हाडातील वाशिम. तेथे चढण्याजोगा मोठा कडा नव्हता, तरीही पुढचा मार्ग बांधला गेला तो संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, आणि वाशिम, अकोला, अकोट असा सातपुडा ओलांडून खांडव्यापर्यंत तो पूर्ण व्हायला १९६० चा सुमार उजाडला. डोंगराचे कारण पुढे केले जाते तेव्हा हिंगोलीची ही आठवण ठेवलेली बरी.

अर्थात खामगावच्या दक्षिणेचा डोंगर काल्पनिक नाही. खामगाव समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर आहे, चिखलीचे पठार सहाशेच्या आसपास आहे, आणि मधला चढ थोड्या अंतरात एकवटलेला आहे. रस्त्याला असा चढ अवघड जात नाही, कारण ट्रक वळणे घेत तीव्र चढण चढू शकतो. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यातील घर्षण मात्र फार कमी असते. सपाटीवर हा गुण ठरतो, कारण थोड्या इंधनात हजारो टन माल ओढता येतो, आणि चढावर तोच दोष ठरतो, कारण चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून प्रत्येक मार्गासाठी ‘रूलिंग ग्रेडियंट’, म्हणजे त्या मार्गावर पूर्ण भरलेल्या गाडीला एकट्या इंजिनाने पेलता येईल असा कमाल चढ, आधी ठरवला जातो आणि मग त्यात बसेल अशी रेषा आखली जाते. तो शंभरास एक धरला, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची, तर तीनशे मीटर चढण्यासाठी किमान तीस किलोमीटर लांबी लागते. कोकण रेल्वेप्रमाणे दीडशेस एक धरला तर पंचेचाळीस. बोर घाटात आणि कसारा घाटात हा चढ सदतीसास एक इतका तीव्र आहे, आणि म्हणूनच तेथे जड गाडीला जादा इंजिने, रेल्वेच्या भाषेत बँकर, जोडावी लागतात. खामगाव–चिखली चढासाठी तसे करण्याची आवश्यकता नाही. रेषा डोंगराच्या सोंडांवरून फिरवून, काही ठिकाणी खोल खोदाई आणि बोगदे घेऊन ती बसवता येते. चिखलीवरून देऊळगाव राजा आणि तेथून जालना हा पुढचा उतार सौम्य आहे. तेथील खरी अडचण कड्याची नव्हे, काळ्या मातीची आहे: ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर थेट भराव घातला तर रूळ वरखाली होतात, म्हणून मुरमाचा जाड थर देऊन भराव वेगळा करावा लागतो. हे काम खर्चाचे आहे, पण देशात हजारो किलोमीटर मार्गांवर ते केलेले आहे.

तेव्हा प्रश्न येतो तो हिशेबाचा. भारतीय रेल्वेत नव्या मार्गाचे मूल्यमापन ‘परताव्याचा दर’ या कसोटीवर होत आले आहे. म्हणजे बांधणीत गुंतवलेल्या पैशावर वर्षाला शेकडा किती निव्वळ उत्पन्न मिळेल याचा अंदाज, आणि दीर्घकाळपर्यंत ही मर्यादा चौदा टक्के होती. ही कसोटी दिसते तितकी तटस्थ नाही. ती मुख्यतः आज जेवढी वाहतूक दिसते तेवढीच मोजते, आणि ज्या प्रदेशात रेल्वे नसल्यामुळेच मालाने ट्रकची वाट धरली आहे तेथे साहजिकच रेल्वेयोग्य वाहतूक कमी दिसते. उधमपूर–बारामुल्ला मार्गाला २००२ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित करून या कसोटीतून सोडवण्यात आले. देशाच्या सीमेवरील डोंगराला ही सवलत मिळते. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरील डोंगराला मिळत नाही. संरक्षणाचे कारण वेगळे आहे हे मान्य केले तरी, मागास भागासाठी एक न्याय आणि कागदोपत्री मागास न ठरलेल्या पण तितक्याच वंचित भागासाठी दुसरा, ही विसंगती उरतेच.

अंतरांकडे पाहिले तर ही विसंगती अधिक स्पष्ट होते. मनमाड आणि अकोला या दोन जंक्शनांमध्ये मुख्य मार्गाची लांबी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे, आणि या संपूर्ण टप्प्यात दक्षिणेकडे मराठवाड्यात उतरणारा एकही लोहमार्ग नाही. परिणामी खामगावहून जालन्याला रेल्वेने माल पाठवायचा तर तो जलंबवरून मनमाड आणि तेथून औरंगाबादमार्गे, असा साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा वळसा घेतो, तर प्रस्तावित थेट मार्ग सुमारे एकशे साठ किलोमीटरचा आहे. जालन्यात पोलाद आणि बियाणे यांचे उद्योग, घाटावर सोयाबीन, कापूस आणि तूर, घाटाखाली शेगावला जाणारे भाविक असे सगळे या मार्गाच्या दोन टोकांना व मध्ये आहे. राज्य शासनाने खर्चाचा निम्मा वाटा उचलण्याची तयारी दाखवली, हे अलीकडचे खरे पाऊल होय.

परंतु याच काळात शेजारी दुसरा मार्ग पुढे सरकला. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मान्यता दिली; त्याचा अंदाजित खर्च सुमारे ७,१०६ कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला चाळीस कोटींहून थोडा अधिक आहे. हा मार्गही अजिंठ्याचीच रांग ओलांडतो, किंबहुना अधिक अवघड जागी ओलांडतो. त्यामुळे डोंगराचे कारण आता पुढे करता येणार नाही. जळगावकडील मार्गाला मुख्य फायदा मिळाला तो असा की तो दूरच्या मालवाहतुकीच्या साखळीतील दुवा म्हणून मांडता आला आणि अजिंठा लेण्यांचे पर्यटन त्याच्या जोडीला आले. खामगाव–जालना हा मात्र दीर्घकाळ एका जिल्ह्याची मागणी म्हणूनच मांडला गेला. मागणी कशी मांडली जाते यावरही मार्गांचे भवितव्य ठरते.

जिल्ह्याच्या उत्तरेच्या डोंगरात गोष्ट उलट घडत आहे. अकोला–खांडवा मीटरगेज मार्ग सातपुड्यात मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाई, आणि धूळघाटाजवळ चढ सौम्य ठेवण्यासाठी तो स्वतःलाच वळसा घालून स्वतःच्या वरून ओलांडत असे. अशा रचनेला सर्पिल म्हणतात. अकोला–अकोट टप्पा २०१७ मध्ये रूपांतरासाठी बंद झाला आणि ब्रॉडगेजवर २०२२ मध्ये प्रवासी गाडी सुरू झाली, पण अकोटच्या पुढे जंगलातूनच रुंद मार्ग न्यावा की नाही यावर मोठा वाद झाला. वन्यजीव अभ्यासकांच्या आग्रहामुळे पर्यायी रेषा पुढे आली: हिवरखेड, सोनाळा, जामोद असे करत बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकातून मध्य प्रदेशातील तुकईथडकडे. ती लांब आणि महाग आहे, पण संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांतील, आदिवासी वस्तीच्या पायथ्याच्या गावांना ती प्रथमच रेल्वेपर्यंत आणते. जुन्या मार्गावर जंगल अधिक आणि प्रवासी थोडे होते. येथे वाघासाठी काढलेला वळसा माणसांच्या सोयीचा ठरला, आणि तोट्याचा मानला जाणारा जादा खर्च नव्या वाहतुकीच्या रूपाने काही अंशी परत मिळण्याची शक्यता निर्माण झाली.

दक्षिणेत अशी संधी नाही, कारण तेथे टाळण्याजोगा जुना मार्गच नाही. शिवाय एक अडथळा आजही आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. खामगाव मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते, आणि जालना दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात. निजामाचे राज्य १९४८ मध्ये संपले, १९५६ मध्ये मराठवाडा व विदर्भ एकाच राज्यात आले, आणि तरीही रेल्वेच्या नकाशावर ती जुनी सरहद्द या दोन झोनच्या हद्दीच्या रूपाने बरीचशी तशीच उरली. झोन म्हणजे स्वतंत्र अंदाजपत्रक, स्वतंत्र महाव्यवस्थापक आणि कामांचा स्वतंत्र प्राधान्यक्रम. दोन झोनच्या मध्ये पडणारा मार्ग दोघांच्याही यादीत शेवटी जातो. अकोला–पूर्णा मार्ग एकाच झोनकडे, दक्षिण मध्य रेल्वेकडे होता, आणि २००८ पर्यंत त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर पुरे झाले.

घाटावर मात्र दरम्यान वेगळीच सोय येऊन पोहोचली. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग मेहकर, दुसरबीड, सिंदखेड राजा या पट्ट्यातून गेला, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी टप्पा आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला झाला. साखरखेर्ड्याच्या शेतकऱ्याला आता मुंबईची बाजारपेठ ट्रकने काही तासांवर आली आहे, आणि रेल्वेच्या परताव्याच्या हिशेबात यापुढे या भागातील जलद, हलका माल धरला जाणार नाही हेही त्याबरोबर ठरून गेले आहे. सोयाबीनची पोती, सिमेंट, खत आणि पोलाद यांसारखा जड माल तेवढा रेल्वेच्या वाट्याला उरतो. त्यामुळे खामगाव–जालना मार्गाचा पुढील अहवाल प्रवाशांच्या संख्येपेक्षा मालधक्क्यांच्या जागांवर उभा राहावा लागेल, आणि चिखली व देऊळगाव राजा येथे ते कोठे असावेत, साखरखेर्डा, लोणार, मेहकर या बाजूंचा माल तेथपर्यंत कोणत्या रस्त्याने यावा, याचा विचार रेषेच्या आखणीबरोबरच करावा लागेल. वर्धा–यवतमाळ–नांदेड या विदर्भ–मराठवाडा सीमेवरील दुसऱ्या मार्गाचा वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तेथील भूसंपादन, खर्चाची विभागणी आणि बोगद्यांची कामे यांचा परिचय पुढील लेखांकात होईल.