आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघाचा कारभार : वर्गणी, मुखपत्र आणि मतदान

मराठीतील ‘आ’ हा स्वर उच्चारताना जीभ तोंडाच्या तळाशी असते आणि तिचा कल पुढेही नसतो व मागेही नसतो. वर्णनाच्या भाषेत हा मध्यवर्ती विवृत स्वर होय. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या तक्त्यात पुढच्या विवृत स्वरासाठी रोमन वर्णमालेतील पहिल्या अक्षराचे छापील रूप योजिलेले आहे आणि मागच्या विवृत स्वरासाठी त्याच अक्षराचे हस्तलिखित रूप. मधल्या जागेस स्वतंत्र अक्षर नाही. त्यामुळे मराठीचे ध्वनिलेखन करणाऱ्यास छापील अक्षरावर मध्यवर्तित्वदर्शक दोन टिंबे द्यावी लागतात, किंवा टिंबे गाळून तसा खुलासा तरी करावा लागतो. ह्या जागी त्याच अक्षराचे लहान आकाराचे मोठ्या लिपीतील रूप योजावे, असा प्रस्ताव २०११ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघाच्या नियामक परिषदेपुढे मतास आला आणि तो नामंजूर झाला.

हा निर्णय योग्य होता की अयोग्य, ह्याबद्दल मतभेद संभवतो. परंतु तो कोणी दिला आणि कोणत्या अधिकाराने दिला, हा प्रश्न ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकाने सहसा विचारलेला नसतो. पाठ्यपुस्तकाच्या मलपृष्ठावरील तक्ता तो निसर्गनियमासारखा पाठ करतो. वस्तुतः तो तक्ता एका विद्वत्संस्थेच्या परिषदेने मतदानाने संमत केलेला दस्तऐवज आहे. ही परिषद वर्गणी भरणाऱ्या सभासदांनी निवडलेली असते आणि तिच्यापुढील विषयांची चर्चा संस्थेच्या मुखपत्रात होते. म्हणूनच ह्या संस्थेची वर्गणी, मुखपत्र आणि अधिवेशने ह्यांचा इतिहास हा काही अंशी ध्वनिलिपीचाच इतिहास ठरतो.

संघाची स्थापना १८८६ साली पॅरिस येथे झाली. संस्थापक पॉल पासी हे भाषाशिक्षक होते. (१९०१ च्या पहिल्या नोबेल शांतता पारितोषिकाचे एक मानकरी फ्रेदेरिक पासी हे त्यांचे वडील.) त्यांच्याभोवती जमलेली मंडळीही प्रामुख्याने शाळांतून परभाषा शिकविणारी होती. मुलांना प्रथम उच्चार शिकवावा, शुद्धलेखनाच्या जंजाळात मागाहून न्यावे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन ह्यांनी पासींना पत्राने सुचविले की, सर्व भाषांस लागू पडेल अशी एकच ध्वनिलिपी संघाने तयार करावी. १८८८ साली ती लिपी सहा तत्त्वांसह प्रसिद्ध झाली. ज्या ध्वनीच्या बदलाने त्या भाषेत शब्दाचा अर्थ बदलतो, त्यास स्वतंत्र अक्षर असावे, हे त्यांतील पहिले तत्त्व. ‘स्वनिम’ ही संकल्पना शास्त्रात रूढ होण्याआधीच तिचे मर्म शाळामास्तरांच्या ह्या संस्थेने आपल्या नियमात गोवले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

संघाचे नाव दोनदा बदलून १८९७ साली आजचे ‘आंतरराष्ट्रीय’ नाव स्थिर झाले. १९१४ च्या सुमारास ४० देशांत मिळून १७५१ सभासद होते, आणि शिक्षणक्षेत्रातील संघाच्या प्रभावाचा तोच कळस होता. ह्यानंतर युद्ध पेटले. संघाचे मुखपत्र नियमितपणे पुन्हा निघू लागण्यास १९२२ साल उजाडले. टपालाने येणारी वर्गणी आणि टपालाने जाणारे नियतकालिक ह्या दोन धाग्यांवर संस्था उभी होती, आणि दोन्ही एकदम तुटले. त्या काळात संघाची म्हणावी अशी अधिवेशने नव्हती. सभासद परस्परांना मुखपत्राच्या पानांवरच भेटत.

ते मुखपत्र एक विलक्षण वस्तू होती. १८८९ पासून ‘ल मेत्र फोनेतीक’ ह्या फ्रेंच नावाने निघणाऱ्या ह्या पत्रात लेख, परीक्षणे, इतकेच काय पण कार्यालयीन सूचनाही ध्वनिलिपीतच छापल्या जात. लेखक इंग्रजीत लिहो वा फ्रेंचमध्ये, त्याने आपला मजकूर ध्वनिलिपीतच द्यावा आणि तोही स्वतःच्या उच्चाराप्रमाणे, अशी रूढी होती. त्यामुळे स्कॉटिश लेखकाचा लेख वाचू लागताच त्याचा स्कॉटिश उच्चार कानी पडे. लिपीचा प्रचार करणाऱ्या संस्थेने ती आधी स्वतः वापरून दाखवावी, ह्यात प्रामाणिकपणा होता. शिवाय दर अंकाला लिपीची कसोटी आपोआप लागत असे. जे चिन्ह जुळाऱ्यास खिळ्यांत सापडत नाही किंवा वाचकास शेजारच्या चिन्हापासून वेगळे ओळखता येत नाही, ते फार दिवस टिकत नसे.

तथापि ह्या व्रताची किंमतही मोठी होती. ध्वनिलिपी सराईतपणे वाचता न येणाऱ्या भाषाशास्त्रज्ञास हे पत्र बंदच राहिले. ग्रंथालयाच्या सूचीत त्यातील लेखांची शीर्षके कशी नोंदवावी, हा तर वेगळाच पेच होता. विसाव्या शतकाच्या मध्यास ध्वनिविज्ञान प्रयोगशाळेत आणि विद्यापीठीय विभागांत स्थिरावले, तरी मुखपत्र शिक्षकांच्या जुन्या मंडळाचेच व्रत पाळीत राहिले. १९७१ साली संघाने नियतकालिकाचे नाव बदलले व ते नेहमीच्या लेखनपद्धतीत काढण्यास आरंभ केला. हा बदल किमान वीस वर्षे उशिरा झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या विलंबाचे एक कारण संघाच्या व्यवस्थेत सापडते. पासींच्या नंतर संघाचा गुरुत्वमध्य पॅरिसहून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ध्वनिविज्ञान विभागात आला. डॅनियल जोन्स हे १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९४९ पर्यंत कार्यवाह आणि १९५० पासून १९६७ मधील निधनापर्यंत अध्यक्ष होते. पत्रव्यवहार, संपादन, पुस्तिकांची विक्री हे सारे एका विभागाच्या खोल्यांतून चाले. अशा व्यवस्थेत खर्च कमी येतो आणि कामात सातत्य राहते. १९४९ ची ‘तत्त्वे’ ही पुस्तिका, जीत ५१ भाषांचे नमुने दिलेले आहेत, ह्याच व्यवस्थेचे फळ होय. सुनीतिकुमार चॅटर्जी ह्यांच्यासारखे भारतीय अभ्यासक ध्वनिविज्ञान शिकले तेही जोन्स ह्यांच्याच विभागात. परंतु जेथे कार्यवाह, संपादक आणि विभागप्रमुख एकाच परंपरेतले असतात, तेथे परिषदेचे मतदान पुष्कळदा संमतीच्या नोंदीपुरते उरते. ती पुस्तिका पुढे पन्नास वर्षे पुनर्मुद्रित होत राहिली. तिची जागा घेणारे ‘हस्तपुस्तक’ केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाकडून निघाले ते १९९९ मध्ये.

अधिवेशनांचा मार्ग निराळा आहे. ध्वनिविज्ञानाची आंतरराष्ट्रीय काँग्रेस १९३२ साली ॲम्स्टरडॅम येथे प्रथम भरली. त्यानंतर लंडन (१९३५) व गेंट (१९३८) येथे ती झाली, आणि मग हेलसिंकी येथे १९६१ मध्ये भरेपर्यंत तेवीस वर्षांचा खंड पडला. काँग्रेसची व्यवस्था वेगळ्या स्थायी समितीकडे असते, हे लक्षात ठेवले पाहिजे. काँग्रेसचा प्रतिनिधी हा संघाचा सभासद असतोच असे नाही. आता काँग्रेस दर चार वर्षांनी भरते आणि संघाची सर्वसाधारण सभा तिला जोडून घेतली जाते. आशियात ती प्रथम आली ती २०११ मध्ये, हाँगकाँग येथे. भारतात ती अद्याप भरलेली नाही.

अधिवेशनाने लिपीवर काय परिणाम होतो, ह्याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. १९२५ साली येस्पर्सन ह्यांच्या पुढाकाराने कोपनहेगन येथे मोजक्या तज्ज्ञांची एक परिषद भरली. ध्वनिलेखनाच्या वेगवेगळ्या पद्धतींत मेळ घालावा, हा तिचा हेतू होता. तिच्या शिफारशी संघास बंधनकारक नव्हत्या. संघाच्या परिषदेने त्यांचा विचार करून काही घेतल्या, काही सोडल्या. मूर्धन्य व्यंजनांसाठी अक्षराच्या पायाशी उजवीकडे वळणारी शेपटी देण्याची पद्धत त्याच सुमारास संघाच्या लिपीत आली. मराठीतील ट, ड, ण आणि ळ आज जी शेपटीची अक्षरे घेऊन तक्त्यात बसलेले आहेत, त्यांचे मूळ येथे आहे.

दुसरे उदाहरण ऑगस्ट १९८९ मधील कील येथील संमेलनाचे. सुमारे १२० सभासद लिपीची समग्र तपासणी करण्यासाठी एकत्र जमले. जी कामे टपालाने दशके रेंगाळली असती ती तेथे उरकली. एकाच ऱ्हस्व स्वरासाठी दोन दोन पर्यायी अक्षरे मान्य होती, त्यांतील एकेक रद्द झाले. हे उत्तम झाले. परंतु त्याच संमेलनाने अघोष अंतःस्फोटी व्यंजनांसाठी स्वतंत्र अक्षरांची एक रांग मान्य केली, आणि ती १९९३ मध्ये काढून टाकावी लागली. एकत्र जमलेल्या विद्वानांना निर्णयाची एक घाई असते. परतीच्या प्रवासाची तारीख ठरलेली असते. चार वर्षांत मागे घ्यावा लागलेला निर्णय सभागृहाबाहेर सावकाश तपासला गेला असता, तर तो मुळात झालाच नसता असे वाटते.

ह्याच्या उलट रीत २००५ मध्ये दिसली. वरच्या दातांवर खालचा ओठ झटक्याने आपटून होणारा दंत्योष्ठ्य ताडित ध्वनी विशेषतः मध्य आफ्रिकेतील अनेक भाषांत आढळतो. त्याची नोंद पूर्वीही झालेली होती, पण तो किती भाषांत, कोणत्या शब्दांत व कितपत अर्थभेदक आहे, ह्याचा पुरावा अभ्यासकांनी हळूहळू गोळा केला. तो पुरावा छापून चर्चेस ठेवला गेला आणि मगच परिषदेने त्यासाठी अक्षर मान्य केले. ते आजतागायत टिकून आहे.

येथे मुद्रणातील एका प्रमादाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण विद्वत्संस्थेच्या प्रकाशनाचे वजन त्यावरून कळते. १९९३ च्या सुधारित तक्त्यात एका मध्यवर्ती गोल स्वराचे अक्षर चुकून उलट्या दिशेला तोंड करून छापले गेले. १९९६ च्या तक्त्यात ते सुधारण्यात आले. ते चुकीचे रूप युनिकोड ह्या जागतिक संकेतसंचातही आहे, आणि त्या संचातून एकदा दिलेले चिन्ह काढले जात नाही. परिणामी आज दोन्ही रूपे तेथे नांदत आहेत आणि बेसावध अभ्यासकाच्या लेखात भलतेच रूप उमटते. मासिकातील मुद्रणदोष पुढच्या अंकातील शुद्धिपत्राने मिटतो. मानक ठरविणाऱ्या संस्थेच्या तक्त्यातील मुद्रणदोष मात्र स्वतःच एक मानक होऊन बसतो.

आता लिपीत बदल सुचविण्याची रीत थोडक्यात अशी आहे. प्रस्ताव सप्रमाण लेखाच्या रूपाने मुखपत्रात प्रसिद्ध होतो, त्यावर चर्चा होते आणि अखेर परिषद मत देते. परिषदेची निवड दर चार वर्षांनी होते व मताचा हक्क सभासदांस असतो. भाषांच्या नमुन्यांचीही अशीच तऱ्हा आहे. ‘उत्तरेचा वारा आणि सूर्य’ ही इसापाची गोष्ट त्या त्या भाषेत ध्वनिलिपीत उतरवून, व्यंजन-स्वरांच्या तक्त्यांसह व ध्वनिमुद्रणासह ती मुखपत्राकडे धाडली जाते. (ह्या गोष्टीत इंग्रजीचेदेखील सर्व ध्वनी येत नाहीत, अशी तक्रार मुखपत्रातच छापून आलेली आहे.) १९९९ च्या हस्तपुस्तकात २९ भाषांचे नमुने घेतले गेले. त्यांत भारतीय उपखंडातील हिंदी व सिंधी ह्या दोनच भाषा आहेत, मराठी नाही.

मराठीचा नमुना तयार करणाऱ्यास दंत्य व तालव्य ‘च’ ची जोडी दाखवावी लागेल, ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ ही महाप्राण व्यंजने मानावीत की जोडाक्षरे, हे ठरवावे लागेल, आणि पहिल्याच ओळीतील ‘वारा’ ह्या शब्दापाशी थांबून दोन्ही ‘आ’ कोणत्या अक्षराने लिहावयाचे ह्याचा खुलासा करावा लागेल. मध्यवर्ती विवृत स्वराचा प्रस्ताव एकदा फेटाळला गेला, तरी तो पुन्हा मांडण्यास नियमांचा अडथळा नाही. त्यासाठी मुखपत्रात लेख छापून यावा लागतो आणि परिषदेत मते मिळावी लागतात.